वाचकांचे प्रश्न : उन्हाळ्यात एअर-कूल्ड गाडीचं तेल तापतंय, तेलाचा कूलर लावू का?

या वेळी एअर-कूल्ड, म्हणजे पाण्याऐवजी हवेनं थंड होणाऱ्या इंजिनवाल्यांचे प्रश्न एवढे आलेत की पूर्ण पान त्यांनाच देतोय. आपल्याकडं अशा गाड्या बोटावर मोजण्याइतक्याच, पण ज्यांच्याकडं आहेत ते जीव लावून सांभाळतात आणि त्यांना नीट सांगणारं माणूस जवळपास मिळत नाही, म्हणून पहिलं उत्तर जरा लांबलंय, वाचून घ्या.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : नमस्कार दादा. माझ्याकडं १९८२ ची पोर्शे ९११ एससी आहे, काकांनी आखातातून परत येताना आणलेली, लेफ्ट हँड ड्राइव्ह. काका गेल्यावर गाडी दोन-तीन वर्षं गावाकडं शेडमध्येच उभी होती, आता मी चालू केलीय. मार्चमध्ये समृद्धीवरनं जालन्यापर्यंत गेलो तेव्हा तेलाच्या टेंपरेचरचा काटा १०० च्या आसपास होता, बाहेर ३४ असेल. मे मध्ये तोच रस्ता तोच स्पीड, बाहेर ४२, तर काटा १२५ ला गेला, मी घाबरून हळू हळू करत पुढच्या एक्झिटला उतरलो. गॅरेजवाला म्हणतो आपल्या उन्हात ही गाडी चालणारच नाही, अजून एक मोठा कूलर टाकू. खर्च बराच आहे. टाकू का?

उत्तर : नका टाकू, निदान आत्ता तरी नाही. तुम्हीच दिलेले आकडे बघा ना. हवा ३४ ची ४२ झाली म्हणजे ८ डिग्री वाढली, आणि तेल वाढलं २५ डिग्री. नुसत्या उन्हानं असं होत नाही. कूलर कुठलाही असो, तो तेलातली उष्णता हवेला देतो ती दोघांच्या टेंपरेचरमधल्या फरकावर, म्हणून थर्मोस्टॅट (तेल तापलं की कूलरचा रस्ता उघडणारी झडप) एकदा पूर्ण उघडला की बाहेरची हवा जेवढी चढेल साधारण तेवढंच तेल चढायला पाहिजे. ३४ ला १०० होतं तर ४२ ला १०८-११० समजू शकतो. १२५ म्हणजे वरचे १५ डिग्री दुसरीकडून आलेत आणि ते शोधायचे आहेत. उद्या तुम्ही मोठा कूलर टाकला तर काटा कदाचित खाली येईलही, पण आत जे बिघडलंय ते तसंच राहील.

म्हणून पहिलं काम एक वही करा. बाहेरचं टेंपरेचर, तेलाचं टेंपरेचर, स्पीड, आणि एसी चालू का बंद, एवढंच लिहायचं. तेलातून हवा वजा केली की जो आकडा येतो तो तुमच्या गाडीचा आकडा. तुमचा मार्चमध्ये ६६ होता, मे मध्ये ८३ झाला. हा आकडा जागेवर असला तर ऊन कितीही असू दे, गाडी तब्येतीत आहे. आकडा वाढला की समजायचं कुठंतरी हवा अडलीय किंवा तेल अडलंय.

आणि एसीचं मुद्दाम विचारतोय. मार्चमध्ये बंद होता आणि मे मध्ये फुल चालू होता, असंच ना? या गाडीत एसीचा एक कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) मागं इंजिनच्या झाकणाला लागलेला असतो, इंजिनचा पंखा जी हवा ओढतो ती त्याच्यातनं गरम होऊन आत जाते, वर कॉम्प्रेसरचा लोड वेगळा. त्यामुळं आधी तोच रस्ता तशाच उन्हात एसी बंद करून एकदा मारा. सकाळी लवकर निघून तुलना करू नका, दुपारचीच तुलना दुपारशी. काटा ११० वर थांबला तर अर्धं कोडं फुकटात सुटलं.

त्याच्या आधी काटा खरं बोलतोय का तेही बघा. चाळीस वर्षांचा सेंडर आहे, म्हणजे तेलाचं टेंपरेचर काट्याला कळवणारा सेन्सर. तो काढा, वायर जोडलेलीच ठेवा, त्याची धातूची बॉडी वायरनं गाडीला अर्थिंग करा आणि उकळत्या पाण्यात धरा. आपल्या पठारावर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीला पाणी ९८ च्या आसपास उकळतं, त्यामुळं काटा १०० च्या जरासा अलीकडं दिसायला पाहिजे. गेजवर आकडे नसून नुसत्या रेषा असल्या तर काटा आला तिथं बारीक खूण करून ठेवा, पुढं फार कामाला येते.

आता तेलाचा रस्ता समजून घ्या, कारण हा समजला की मेकॅनिकला काय सांगायचं ते आपोआप कळतं. ९११ चं इंजिन ड्राय संप आहे. इंजिनखाली तेल साठत नाही, ते उजव्या बाजूला मागच्या फेंडरमधल्या टाकीत असतं, सगळं मिळून १०-१२ लिटरच्या पुढं. इंजिनमधून एक पंप तेल ओढून बाहेर टाकतो, ते उजव्या मागच्या चाकाजवळच्या थर्मोस्टॅटला येतं, तेल ८५ च्या आसपास गेलं की थर्मोस्टॅट उघडतो आणि तेल दाराखालच्या दोन लांब लाइनमधून थेट पुढच्या उजव्या फेंडरमधल्या कूलरला जाऊन परत येतं, मग टाकीत. टाकीतून दुसरा पंप ओढतो आणि इंजिनलाच लागलेल्या दुसऱ्या कूलरमधून बेअरिंगला देतो. म्हणजे तुमच्याकडं दोन कूलर आधीपासून आहेतच! तिसरा घ्यायच्या आधी हे दोन काम करतात का ते बघायला नको का?

तपासणी सोपी आहे. गाडी वीसेक किलोमीटर फिरवून आणा, काटा ९५-१०० ला आणा, आणि पुढच्या फेंडरमधल्या लाइनचं टेंपरेचर लेझर थर्मामीटरनं घ्या, हे आता हजार-बाराशेला कुठंही मिळतं. चकचकीत धातूवर ते चुकीचं, कमी रीडिंग देतं, म्हणून आधी लाइनवर काळी टेप चिकटवा आणि टेपवर घ्या. आत जाणारी लाइन कडक गरम, बाहेर येणारी त्याहून थोडी कमी, तर तेल फिरतंय. दोन्ही थंड असतील तर थर्मोस्टॅट अडकलाय किंवा लाइन दबलीय. दबण्याचं एक कारण आपल्याकडं हमखास सापडतं, पंक्चरवाला किंवा वॉशिंगवाला जॅक लावतो तो उजव्या दाराखाली, नेमका त्या लाइनवर. खाली वाकून हात फिरवा, चपटी झालेली जागा हाताला लगेच लागते.

थर्मोस्टॅट काढायची वेळ आली तर कृपा करून पाना लावून जोर करू देऊ नका. त्याची बॉडी अॅल्युमिनियमची, त्यावरचे नट लोखंडाचे, एवढ्या वर्षांत दोन्ही एकजीव झालेले असतात, जोर लावला की बॉडीचे आटे फाटतात आणि मग नवा थर्मोस्टॅट बाहेरच्या देशातून मागवत बसा. गरम करून, भिजवून, दोन पाने लावून सुटलं तर ठीक, नाहीतर सरळ नट कापा. लाइन नवीन बनते, थर्मोस्टॅट बनत नाही.

लाइन बनवायच्या बाबतीत एक धोक्याची गोष्ट. वाळूज, चिकलठाण्याला जेसीबी-ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक होज क्रिंप करणारे बरेच आहेत आणि त्यांचा हात चांगला आहे, पण त्यांच्याकडचा नेहमीचा हायड्रॉलिक होज बहुतेक १०० डिग्रीपर्यंतचाच असतो. प्रेशर तो कितीही सहन करेल पण १२० चं तेल रोज सहन करणार नाही, आतून कडक होऊन तडकतो, आणि गरम तेल एक्झॉस्टवर पडलं तर आग लागते. १५० डिग्रीचा होज मागा, होजवर छापलेलं स्वतः वाचा. आणि बोअर (आतला व्यास) मूळ लाइनएवढाच ठेवा, अर्धा इंची बारीक पाइप टाकून काम भागवू नका, ही लाइन जाडजूड आहे ती उगाच नाही.

आता राहिली माती. तुम्ही गावाकडं गाडी नेता म्हणजे पावसाळ्यात कच्च्या रस्त्यानं गेलीच असणार. पुढचा कूलर उजव्या चाकाच्या पुढं बसतो, आपली काळी माती चाकाला चिकटते आणि सगळी त्या कूलरच्या फिनमध्ये, म्हणजे पातळ पत्र्यांच्या मधल्या फटीत, जाऊन बसते. दिसायला थोडी दिसते, पण उन्हाळ्यात ती भाजून विटेसारखी कडक होते आणि हवा पूर्ण बंद. फेंडरचं आतलं लायनर काढा, साबणाच्या पाण्यानं तास-दोन तास भिजवा, मऊ ब्रशनं फिनच्या दिशेनं, आणि मग साध्या नळाच्या पाण्यानं मागून पुढं धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर जेट जवळून मारला तर फिन झोपतात, मग कूलर असून नसल्यासारखा. कापसाच्या सीझनमध्ये ट्रक-ट्रॉल्यांमागं गाडी चालवली असेल तर कापसाचे तंतू पण सापडतील, ते चिमट्यानं काढा.

इंजिनकडं या. गाडी शेडमध्ये दोन-तीन वर्षं उभी होती हे वाचलं तेव्हाच मला उंदीर आठवले. पंख्याच्या आवरणाखाली, सिलेंडरच्या फिनवर त्यांना छान ऊबदार जागा मिळते, गवत, चिंध्या, सीट फाडून आणलेला फोम, सगळं तिथं. वरून काही दिसत नाही. मोबाईलला लावायचा छोटा एंडोस्कोप कॅमेरा मिळतो तो पंख्याच्या पात्यांतून आत सोडून दोन्ही बाजूंना बघा. इंजिनवरचा कूलर उजव्या बाजूला पुढं असतो, त्याच्यावर तेल गळून धूळ चिकटलेली असते, त्याचा थर झाला की कूलरला गोधडी पांघरल्यासारखं होतं. आणि इंजिनच्या भोवतीचं रबर सील बघा, ते तुटलं किंवा कोणी फेकून दिलं असेल तर एक्झॉस्टजवळची गरम हवा खालून वर येते आणि पंखा तीच परत ओढतो. हे सील स्वस्त आहे, पण त्याच्याशिवाय कुठलाच कूलर पुरा पडत नाही. कुणी दिसायला चांगलं दिसावं म्हणून इंजिनचे पत्रे काढले असतील तर तेही परत लावा, ते शोभेचे नाहीत, हवा कुठून जायची ते तेच ठरवतात.

एवढं सगळं झालं, एसी बंद-चालू दोन्ही मोजलं, आणि तरी मे च्या दुपारी काटा ११५ च्या वर राहतोय, तर मग कूलरचं बोलू. तुमच्या गाडीला पुढं नुसती वळवलेली नळी आहे का पितळी फिनवाला आहे ते बघा. पोर्शेनं स्वतःच हा प्रवास केलाय, आधी गोल वळवलेली नळी जिला लोक ट्रॉम्बोन म्हणतात, मग पितळी फिनवाला, आणि ८७ च्या करेरा ३.२ पासून रेडिएटरसारखा कूलर आणि त्याला इलेक्ट्रिक पंखा. नळीवाला असेल तर हा शेवटचा प्रकार त्याच जागी बसवणं हा सगळ्यात चांगला खर्च. तिसरा कूलर कुठंतरी बंपरखाली टांगण्यापेक्षा फार चांगला.

काटा किती चालेल असंही बरेच जण विचारतात. माझ्या मते ९० ते ११० निवांत चालवा. १२० ला टेकला की स्पीड कमी, एसी बंद. १३० कडं निघाला तर पुढं जायचंच नाही. आणि ८० च्या खाली कायम राहत असेल तर तेही चांगलं नाही, तेलातलं पाणी उडत नाही.

हा, तेल मोजायची पद्धत. इंजिन गरम, चालू, गाडी सपाट जागेवर, तेव्हाच डिपस्टिक बघायची. बंद गाडीत तेल टाकीतून इंजिनमध्ये उतरतं आणि काठी कोरडी दिसते, मग माणूस दोन लिटर ओततो, आणि ते जास्तीचं तेल एअर फिल्टरकडं जाऊन निळा धूर. तुमच्या गॅरेजमध्ये थंड इंजिनवर तेल भरलं असेल तर ते आधी तपासा.

प्रश्न (लातूर) : सर, मेहुण्याची ८५ ची पोर्शे ९११ करेरा ३.२ सध्या माझ्याकडं आहे. गंजगोलाईच्या गर्दीत दहा-पंधरा मिनिटं अडकलो की तेल चढत जातं, औसा रोडला लागलो की आपोआप उतरतं. पुढच्या कूलरला मारुतीचा रेडिएटर फॅन लावला तर चालेल का?

उत्तर : तुम्ही निम्मं निदान स्वतःच केलंय. रोडला उतरतं म्हणजे तेलाचा रस्ता मोकळा आहे, कूलर चालतो, फक्त उभ्या गाडीत त्याला हवा नाही. ही पंख्याची केस आहे. उलटं असतं, म्हणजे हायवेला चढून गर्दीत उतरत असतं, तर पंख्याचा शून्य उपयोग, तेव्हा माती किंवा लाइन शोधावी लागली असती.

पण ८५ ला पितळी कूलर असणार, त्याच्या आकारावर गोल पंखा नीट बसत नाही, अर्धी हवा बाजूनं निघून जाते. पंखा लावायचाच तर रेडिएटर टाइप कूलर आणि पंखा एकत्र करा. मारुतीचा पंखा मोटर म्हणून वाईट नाही, प्रश्न मापाचा आणि पाण्याचा आहे, चाकाचं पाणी त्याच्यावर उडणार, म्हणून मोटर सील असलेलीच घ्या. पंखा हवा पुढून घेऊन चाकाकडं टाकेल याच दिशेनं. पंखा आणि कूलरच्या मधली फट पत्र्यानं बंद करा, फट राहिली की पंखा तीच तीच हवा फिरवतो.

वायरिंग स्विचमधून डायरेक्ट देऊ नका, रिले टाका, फ्यूज टाका. या गाडीची बॅटरी पुढंच असते त्यामुळं वायर छोटी पडते, काम सोपं. तेलाच्या लाइनमध्ये टेंपरेचर स्विच आणि डॅशखाली हातानं चालू करायचा एक वेगळा स्विच, दोन्ही ठेवा, म्हणजे गर्दी दिसली की आधीच चालू करता येतो.

आणि फुकटातली गोष्ट, इंजिनचा स्वतःचा पंखा बेल्टवर फिरतो, इंजिन जेवढं फिरेल तेवढाच. आयडलला तो रेंगाळतो. अडकला असाल आणि काटा चढायला लागला तर न्यूट्रलला १५००-२००० आरपीएमवर थोडा वेळ धरा. पाण्याच्या गाडीची सवय असलेल्या माणसाला हे उलटं वाटतं पण एअर-कूल्डला हेच बरोबर आहे.

प्रश्न (नांदेड) : माझी फोक्सवॅगन बीटल १९६७ ची. आधीच्या मिस्त्रीनं पंख्याच्या आवरणातला थर्मोस्टॅट आणि हवेच्या झडपा काढून टाकल्यात, म्हणाला गरम भागात लागत नाहीत. तरी उन्हाळ्यात तापतेच. जास्तीची संप (इंजिनखालचं तेलाचं भांडं) टाकू का बाहेरचा कूलर?

उत्तर : आधी काढलेलं परत लावा. झडपा बंद असतात त्या फक्त सुरुवातीची काही मिनिटं, इंजिन लवकर गरम व्हावं म्हणून. ६५-७० डिग्रीला त्या उघडतात, आणि थर्मोस्टॅट फुटला तर स्प्रिंगनं उघड्याच राहतात, म्हणजे उन्हाळ्यात त्यांनी काही अडतच नव्हतं. काढून फायदा झालेला नाही हे तुम्ही बघताच आहात. थंडीत मात्र इंजिन बराच वेळ गार राहतं आणि घासतं.

तुमच्या वर्षाच्या इंजिनमध्ये तेलाचा कूलर पंख्याच्या आवरणाच्या आतच उभा असतो आणि त्याच्या मागच्या ३ नंबरच्या सिलेंडरला कमी आणि गरम हवा मिळते. हा त्या डिझाइनचा जुना दोष, ७१ पासून फोक्सवॅगननं कूलर बाहेर सरकवून वेगळी हवा दिली. ते आवरण आणि कूलर तुमच्या इंजिनला बसवता येतो, जुळवाजुळव लागते पण बाहेरच्या कूलरपेक्षा हे आधी करा. कूलरभोवतीचा फोम, स्पार्क प्लगच्या वायरचे रबर, इंजिनभोवतीचं सील, यातलं काय काय गायब आहे ते बघा, बहुतेक सगळंच असेल. या इंजिनात तेल जेमतेम अडीच लिटर आणि पेपर फिल्टर नाही, नुसती जाळी, म्हणून ५००० किलोमीटरला तेल बदला, आपल्या धुळीत मी तर ३००० ला म्हणेन. संप मोठी केली तर तेल तापायला वेळ जास्त लागतो, पण लांब रस्त्यावर शेवटी तेवढंच तापतं, आणि ती खाली लोंबते, स्पीड ब्रेकरला घासते. माझं मत नको.

प्रश्न (परभणी) : नमस्कार. बाबांची १९६८ ची फोक्सवॅगन कारमन गिया आम्ही दोघी बहिणी सांभाळतो. बाबा नेहमी २०डब्ल्यू५० मिनरल तेल टाकायचे. आता दुकानदार म्हणतो ०डब्ल्यू४० फुल सिंथेटिक टाका, तेल थंड राहील. आणि ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलनं इंजिन जास्त तापतं हे खरं आहे का?

उत्तर : ताई, बाबांचं तेल बरोबर होतं, तेच ठेवा. सिंथेटिक तेल जास्त उष्णता सहन करतं हे खरं, पण त्यामुळं तेल थंड होत नाही, थंड करतो तो कूलर आणि हवा. या इंजिनातल्या फटी मोठ्या आहेत, ४३-४४ डिग्रीच्या दुपारी पातळ तेलाचं प्रेशर पडतं आणि जुन्या सीलमधून गळतं ते वेगळं. २०डब्ल्यू५० मोटरसायकल-ट्रॅक्टरवाल्यांमुळं आपल्याकडं सहज मिळतं, फक्त गाडीच्या पेट्रोल इंजिनचं घ्या आणि झिंक चांगलं असलेलं घ्या, जुन्या कॅमला ते लागतं. तुमच्याकडं डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली जातो, तेव्हा सकाळी गाडी चालू केली की लगेच पळवू नका, जाड तेल वर पोचायला वेळ घेतं, एवढंच पथ्य.

ई२० चं मात्र दुर्लक्ष करू नका. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळं तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. साध्या पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ ला १, ई२० ला ते साडेतेराच्या आसपास येतं. नव्या गाडीत सेन्सर हे आपोआप सांभाळतो, तुमच्या कार्बोरेटरला ते कळत नाही, तो जुन्या जेटनं तेवढंच पेट्रोल देतो आणि मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रणात सिलेंडर हेड जास्त तापतं आणि ती उष्णता तेलात येते. तेव्हा मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एक-दोन नंबर मोठा टाकून बघा, प्लगचा रंग पांढरट दिसत असेल तर नक्कीच टाका, कॉफीसारखा तपकिरी पाहिजे. आणि टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडते ते) तपासून घ्या, टायमिंग मागं राहिलं तरी इंजिन तापतं, कूलरवर हजारो रुपये घालायच्या आधी टायमिंग लाइटचं दहा मिनिटांचं काम आहे. पेट्रोलचे रबर पाइप सगळे बदला, ई२० ला चालतील असे. जुने पाइप या पेट्रोलनं फुगून चिरतात आणि एअर-कूल्ड गाडीत ते गरम इंजिनच्या अगदी वर असतात. हे पुढच्या आठवड्यावर टाकू नका.

प्रश्न (बीड) : मांजरसुंब्याचा घाट चढताना माझ्या ९११ चं तेल चढतं म्हणून मी वरच्या गिअरमध्ये हळू हळू नेतो, इंजिनला त्रास नको. बरोबर आहे का?

उत्तर : नाही भाऊ, याच्यानंच त्रास होतोय. वरच्या गिअरमध्ये इंजिन कमी फिरतं, पंखा कमी फिरतो, तेलाचा पंप कमी फिरतो आणि लोड मात्र पूर्ण. एक गिअर खाली घ्या, ३०००-३५०० आरपीएम राहू द्या, अॅक्सिलेटर हलका. आवाज जास्त येईल, काटा खाली राहील. उसाच्या ट्रॉलीमागं अडकला असाल तर गाडी रेटत तिच्या मागं मागं जाण्यापेक्षा अंतर सोडून खालच्या गिअरला या. वर पोचल्यावर लगेच किल्ली बंद करू नका, सपाटीला दोन-तीन किलोमीटर आरामात चालवा मग थांबवा.

प्रश्न (जालना) : मागच्या महिन्यात माझ्या ९११ मध्ये लाल बॅटरीचा दिवा लागला, मला वाटलं अल्टरनेटर गेला, घर पाचच किलोमीटर होतं म्हणून तसाच आणला. बेल्ट तुटलेला निघाला. इंजिन बंद नाही पडलं. काही नुकसान झालं असेल का?

उत्तर : झालं असू शकतं. ९११ मध्ये एकच बेल्ट अल्टरनेटर आणि पंखा दोन्ही फिरवतो, बेल्ट गेला की इंजिनला हवाच नाही. त्या लाल दिव्याचा अर्थ या गाडीत बाजूला घ्या आणि लगेच बंद करा एवढाच. आता कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट (सिलेंडर दाब धरतो का आणि किती गळतो ते बघायची) दोन्ही करून घ्या, सहाही सिलेंडरचे आकडे लिहून ठेवा. तेल काढा, ते जळल्यासारखं वास मारत असेल किंवा फिल्टर कापल्यावर चमकणारे कण दिसले तर मला पुढचं लिहा, त्याच्या आधी गाडी चालवू नका. कण निघाले तर पुढचा कूलर नुसता धुवून चालणार नाही, आतले कण निघत नाहीत, तो बदलावा लागेल.

नवा बेल्ट टाकताना पुलीच्या दोन भागांमध्ये पातळ चकत्या असतात, त्या कमी-जास्त करून टाइट करायचा. मधून काढलेल्या चकत्या टाकून देऊ नका, पुलीच्या बाहेरच्या बाजूला त्याच बोल्टवर ठेवा, पुढच्या वेळी लागतात. अंगठ्यानं दाबला की एक ते दीड सेंटिमीटर दबला पाहिजे. शे-दोनशे किलोमीटरनंतर परत बघा, नवा बेल्ट ताणतो. आणि एक जास्तीचा बेल्ट, पुली सोडायचं हत्यार, हे दोन्ही डिकीत कायम ठेवा.